दीड सेंटीमीटर

१

माझी बायको नीलम जिंतूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने जाते, शनिवारी संध्याकाळी येते. मधले दिवस दोन्ही मुली माझ्याकडे. थोरली संघप्रिया सहावीत आहे, धाकटी आम्रपाली पहिलीत. धाकटीला सगळे आमू म्हणतात आणि ती कुणाचंच ऐकत नाही. मी परभणीत आयटीआयला फिटरच्या पोरांना शिकवतो. त्यामुळे घरातला गळका नळ, कुकरची शिट्टी, सायकलींची पंक्चर आणि मुलींच्या वेण्या हे सगळं माझ्याकडेच. वेण्या सोडल्या तर बाकीचं बरं जमतं.

गाडी मी दिवाळीच्या सुट्टीत आणली. जुनी राजदूत. झरीच्या बन्सीधर काकांच्या गोठ्यात ती कडब्याच्या आड कित्येक वर्षं उभी होती. टाकीला गंज, सीट उंदरांनी खाल्लेली, मागचा टायर जमिनीला चिकटलेला. काकांनी ती टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. नीलमने ती घरासमोर उतरताना बघितली आणि "ह्याला गाडी म्हणतेत व्हय?" एवढंच विचारलं.

मला ती का हवी होती हे मी तिला नीट सांगितलं नव्हतं. माझे वडील सिताराम झरीलाच सालगडी होते. त्यांच्या मालकाकडे अशीच एक राजदूत होती. मालक परभणीला निघाले की वडिलांनी डोक्यावर पोतं घेऊन मागून पायी यायचं. एकदा भर उन्हाळ्यात अंगात ताप होता, म्हणून त्यांनी विचारलं, मालक, मागं बसू का. मालक मागे न बघता म्हणाले, जागा न्हाई. मागची सीट रिकामी होती. ही गोष्ट वडिलांनी मला आयुष्यात दोनदा सांगितली, दोन्ही वेळा हसत हसत. मला कधी हसू आलं नाही. ते गेले तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की अशी एक गाडी आणायची, आपल्या हातांनी चालू करायची आणि मागच्या सीटवर आपल्या पोरींना बसवायचं. ही तीच गाडी नव्हे, तशीच. तीच मिळाली असती तरी मी घेतली असती.

२

आमच्या घरासमोर पत्र्याचं छत असलेलं छोटं पोर्च आहे. तिथेच मी गाडी मांडली. आयटीआयमधून चारला सुटायचो, मुलींना चहा-पोहे द्यायचो आणि पाना घेऊन बसायचो. संघप्रिया आत अभ्यास करायची. आमू माझ्याजवळ. नट-बोल्ट रॉकेलच्या डब्यात धुवायचं काम तिचं. ती ते मन लावून करायची आणि मग तेच हात फ्रॉकला पुसायची.

चाकं झाली, ब्रेक झाले, नवीन रेक्झिनची सीट शिवून आणली. फक्त डबल स्टँड मोडलेला होता, त्याचं वेल्डिंग राहून गेलं. म्हणून गाडी साइड स्टँडवरच उभी असायची. मागचे शॉकअप मी साफ करून पुन्हा बसवले आणि सवयीप्रमाणे माप घेतलं. मडगार्डची खालची कड आणि टायर यांच्यात रिकाम्या गाडीला नऊ सेंटीमीटर अंतर. आमूला मागे बसवलं तर साडेसात. ते मी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं. आमूने विचारलं, "म्हंजे मी किती?"

"तू दीड सेंटीमीटर."

हे तिला लय आवडलं. शाळेत बाईंनी वजन विचारलं तेव्हाही तिने हेच सांगितलं म्हणे.

तिला गाडीवर चढायला-उतरायला मीच लागायचो. बगलेत हात घालून उचललं की ती मुद्दाम अंग सैल सोडून जड व्हायची. मी कण्हल्यासारखं करायचो. मग ती खिदळायची. बसल्यावर माझ्या शर्टाची पाठ दोन्ही मुठींनी धरायची, गाडी उभी असली तरी. शर्टांच्या पाठीवर तिच्या काळ्या मुठींचे डाग पडायचे आणि ते नीलमच्या शिव्यांशिवाय निघायचे नाहीत.

३

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होतो. रविवार नव्हता, कसलीशी सुट्टी होती. बाहेर स्प्रिंग वाजली. कुणी गाडीवर बसलं की ती तशी वाजते, एकदाच, आखूड. मला तो आवाज पाठ होता.

मी ओरडलो, "आमू, एकटी चढू नको. पडशील."

"मी हितं हाय," आमू म्हणाली. ती माझ्या मागेच पाटावर बसून कणकेचा साप करत होती.

संघप्रिया असेल म्हणून मी तसाच पिठाच्या हातांनी बाहेर गेलो. संघप्रिया समोरच्या ओट्यावर मैत्रिणीबरोबर बसलेली दिसली, रस्त्याच्या पलीकडे. पोर्चमध्ये कुणी नव्हतं. मांजर असावं. मांजर उडी मारून गेलं तर स्प्रिंग वाजेल, पण मग ती परत वर येताना दुसऱ्यांदा वाजायला हवी. ती वाजली नव्हती.

मी खाली बसलो आणि पट्टी लावली. साडेसात.

मी पट्टी पुसून पुन्हा लावली. पट्टीला कणीक लागली, बाकी काही बदललं नाही. सीटवर हात ठेवून बघितला. नवीन रेक्झिन, उन्हाने थोडं तापलेलं, गुळगुळीत. दुसरं काही नाही. मी आत येऊन पोळ्या केल्या. पहिल्या दोन करपल्या.

४

आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. बाहेरचं, वरचं, नजर, भानामती या मंडळींना आमच्या उंबऱ्यात प्रवेश नाही. शिवाय मी फिटर माणूस. लोखंड दबलं तर त्याला कारण असतं. जुन्या स्प्रिंगा थकतात. रिकाम्या असतानाही हळूहळू खाली बसतात. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी घाम यायचं कारण नव्हतं.

मी दोन्ही शॉकअप नवीन आणून टाकले. रिकाम्या गाडीला पुन्हा बरोबर नऊ. दोन दिवस नऊ राहिलं. तिसऱ्या दिवशी चहा गाळत होतो आणि बाहेर स्प्रिंग वाजली. साडेसात.

मग माझ्या एक लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचा मला रागही आला. थकलेली स्प्रिंग कधी दोन, कधी चार मिलिमीटर बसते. ही त्यानंतर रोज बरोबर दीड सेंटीमीटर बसत होती. आणि मुली शाळेतून यायच्या वेळेलाच बसत होती.

बन्सीधर काकांना फोन केला. म्हटलं, काका, तुमच्याकडे असताना गाडी मागून दबलेली असायची का?

काका हसले. "सर, आमी ती कडब्यात उभी केली ती केली. त्याची मापं कोण घ्यायलंय? चालू झाली का?"

"होईल आठवड्यात."

"झाली की या घेऊन. लेकरायला बी आणा."

साधा माणूस, साधं बोलणं. फोन ठेवल्यावर मलाच माझं हसू आलं.

५

पुढच्या मंगळवारी गाडी चालू झाली. कार्बोरेटर साफ केला होता, पॉइंट घासले होते, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतलं. अकराव्या किकला तिने एक ठसका दिला, बाराव्या किकला धरलं. पोर्च निळ्या धुराने भरून गेलं. संघप्रियाने नाक धरून टाळ्या वाजवल्या. मला वडील फार आठवले. डोळ्यांत धूर गेल्याचं सांगून मी तोंड धुवून आलो.

"चल आमू, एक चक्कर," मी हात पुढे केले.

एरवी ती दोन्ही हात वर करून पळत येते. आज दारातच उभी राहिली.

"पप्पा, जागा न्हाई."

"कुठं जागा नाही? एवढी मोठी सीट पडलीय."

"भरलीय."

मी तिला वडिलांची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. संघप्रियालाही नाही. पण ते दोन शब्द माझ्या मुलीच्या तोंडून, माझ्याच गाडीपाशी ऐकले आणि माझं डोकं फिरलं. एवढ्याशा लेकरावर कुणी चिडावं तसं नव्हे, मी मोठ्या माणसावर चिडतात तसा चिडलो. "आपल्याला कुणी जागा नाही म्हणायचं नाही, कळलं? कुणीच नाही. बस." तिला उचललं. तिने अंग जड केलं नाही, उलट काठीसारखं ताठ केलं.

ती सीटच्या अगदी शेवटी बसली, मागच्या दिव्याच्या वर, अर्धी हवेत. तिच्यात आणि माझ्या बसायच्या जागेत हातभर सीट मोकळी होती.

"पुढं सरक."

"सरकता येईना, पप्पा." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मी खाली वाकून माप घेतलं. का घेतलं, माहीत नाही. सहा सेंटीमीटर.

ती रडायला लागली. त्या दिवशी चक्कर झाली नाही.

६

लहानपणी मला गावच्या स्मशानाची भीती वाटायची. वडिलांनी मला सात दिवस भर दुपारी तिथल्या लिंबाखाली नेऊन बसवलं. स्वतः लांब उभे राहायचे. आठव्या दिवशी भीती गेली. भीती अशीच घालवायची असते, हे मी तेव्हा शिकलो आणि आतापर्यंत कधी त्यात चूक निघाली नव्हती.

बुधवारपासून मी आमूला रोज शाळा सुटल्यावर पाच मिनिटं गाडीवर बसवायला सुरुवात केली. इंजिन बंद, मी शेजारी उभा. एकच नियम होता. मी उतर म्हणेपर्यंत उतरायचं नाही. ती त्याच टोकाला बसायची, गुडघे आखडून, हात मांडीखाली दाबून. एकदा तिचा पाय पुढे सरकला तर तिने तो पटकन मागे घेतला आणि हळूच "सॉरी" म्हणाली.

"कुणाला सॉरी?"

तिने गुडघे आणखी आखडले. मी घड्याळ बघितलं. अजून दोन मिनिटं होती. मी ती दोन मिनिटंही पूर्ण करून घेतली.

माझ्यातला बाप तेव्हा कुठे गेला होता, हे मी नंतर स्वतःला फार वेळा विचारलं. मला वाटत होतं की मी तिचं भलं करतोय. मनातून हेही वाटत होतं की मी हरता कामा नये.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिला बसवलं आणि आत कुकर झाला. गॅस बंद करायला गेलो तर आयटीआयमधून फोन आला. परीक्षेचे बैठक क्रमांक चुकले होते, प्राचार्य तापले होते. मी कागद काढून एकेक नंबर सांगत बसलो. संघप्रिया शिकवणीला गेली होती. फोन ठेवला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं उलटून गेली होती.

मी वळलो तर आमू स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"उतरलीस कशी गं?"

"आपली आपली," ती म्हणाली. "आता जागा झाली, पप्पा."

आणि हसली. मला एवढं हायसं वाटलं की मी तिला तसाच जवळ घेतलं. बापाचा उपाय लागू पडला होता. गाडीवर कापड झाकायला बाहेर गेलो तेव्हा पट्टी पायरीवरच पडलेली होती म्हणून उगाच लावून बघितली. साडेसात. रोजचंच होतं, मी त्याचा विचार केला नाही.

७

नंतरच्या आठवड्यात आमू फार शहाण्यासारखी वागली. मेथीची भाजी खाल्ली. दप्तर जागेवर ठेवलं. रॉकेलच्या डब्याला हात लावला नाही. फ्रॉक संध्याकाळपर्यंत स्वच्छ. वेण्या घालताना मान हलवेना. शाळेच्या बाईंनी वहीत शेरा लिहिला, प्रगती चांगली आहे.

संघप्रिया दोन-तीन दिवस माझ्या मागेमागे करत होती. शेवटी भांडी घासताना म्हणाली, "पप्पा, ही माझ्याशी भांडत न्हाई."

"बरं झालं की."

"बरं न्हाई ते. मी तिची पेन्सिल घेतली मुद्दाम. दे म्हणली सुदीक न्हाई." ती ताट विसळत राहिली. "अन् तिला आमू म्हणून हाक मारली की ती आधी इकडं तिकडं बघती. मग ओ देती."

मी म्हटलं, कान तपासून घेऊ. थोरल्या बहिणीने असं बोलू नये म्हटलं. पण संध्याकाळी आमूला कट्ट्यावरून खाली घ्यायला मी बगलेत हात घातले, तेव्हा ती सरळ, हलकीफुलकी माझ्या हातात आली. जड झाली नाही. मी कण्हलो. ती माझ्याकडे बघत राहिली, हा माणूस कशाला कण्हतोय अशा नजरेने.

त्या रात्री मी पोळी तशीच ताटात ठेवली. मी स्वतःला समजावत होतो की लेकरं मोठी होतात, खेळ संपतात. सहा वर्षांच्या मुलीचे खेळ एका शुक्रवारी सगळे एकदम संपतात का, हे विचारायला घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं.

८

त्या शनिवारी नीलम आली. मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिने आमूची जीभ बघितली, डोळे बघितले, ताप बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"मी तिथं दिवसभर दुसऱ्याचे लेकरं तपासायले. भाजी खायना, झोपंना, ऐकंना म्हणून बाया रडायल्यात. अन् तुमचं लेकरू ऐकायलंय म्हणून तुमी रडायलाव?"

"तसं नाही नीलम."

"मग कसं? पोरगी शहाणी झालीय. तुमालाच गाडीनं येड लावलंय. पोर्चमधून चालता येईना, संघप्रिया तर मागच्या दारानं ये-जा करायलीय. का करायलीय, ते विचारलं का तिला?"

मी विचारलं नव्हतं. मला उत्तर ऐकायचं नव्हतं.

नीलमच्या ओळखीत पोखर्णीचे रामकिशन म्हणून एक टेम्पोवाले आहेत. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. तिने त्यांना फोन लावला आणि रविवारी सकाळी गाडी घेऊन जायला सांगितलं. मी नाही म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एकदा ही गाडी गेली की घर पुन्हा पूर्वीसारखं होईल, असं मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं.

९

रविवारी दहाच्या सुमाराला मी जुन्या बनियनचा बोळा घेऊन गाडी पुसायला गेलो. ऊन पोर्चमध्ये अर्ध्यापर्यंत आलं होतं. आत आमू नीलमला मोठ्याने धडा वाचून दाखवत होती, एकेका शब्दावर बोट ठेवून, न अडखळता. मी टाकी पुसली, पुढची सीट पुसली, हात मागच्या सीटवर नेला.

कापड मध्येच अडलं.

मी कापड काढून नुसता तळवा ठेवला. खाली काहीतरी वाटोळं होतं, लहान, कोमट. मी बोटं मिटली. तो गुडघा होता.

मी सहा वर्षं तो गुडघा धुतलाय. रांगत होती तेव्हाची माती काढलीय, पडली तेव्हा फुंकर घातलीय. बापाला ते सांगावं लागत नाही. तो गुडघा आमूचा होता आणि तो थरथरत होता. सतत, बारीक. फार वेळ थंडीत बसलेल्या लेकरासारखा.

डोळ्यांना सीट रिकामी दिसत होती.

मी बगलेत हात घालायला गेलो तर हातांना नुसतं रेक्झिन लागलं. पुन्हा तळवा ठेवला तर गुडघा. पुन्हा उचलायला गेलो, रेक्झिन. मी किती वेळा केलं आठवत नाही. "उतर," मी म्हणालो. "आमू, मी उतर म्हणतोय. झाली पाच मिनिटं. उतर बाळा." गुडघा थरथरत होता. आत धड्याचं वाचन चालूच होतं.

फाटकापाशी टेम्पो मागे येऊन थांबला. रामकिशन उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली. "लय भारी केलीय की सर. तुमी मागून धरा, मी हँडल धरतो."

मी गाडीकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभा राहिलो. तेवढ्यात शर्टाची पाठ मागून खेचली गेली. दोन्ही मुठींनी, घट्ट.

"गाडी द्यायची नाही," मी म्हणालो.

नीलम बाहेर आली, तिच्यामागे ती. "अहो, असं काय करायलाव? माणूस पोखर्णीहून आलाय."

"नाही द्यायची."

"देऊन टाका की पप्पा," ती म्हणाली. वहीच्या पानात बोट घालून ती दारात उभी होती. स्वच्छ फ्रॉक, नीट वेण्या. बोलत माझ्याशी होती, पण बघत माझ्याकडे नव्हती. ती माझ्या मागे, सीटच्या वर बघत होती, बसलेल्या लेकराचं तोंड जिथे येईल बरोबर तिथे. "आता तिचं काय काम हाय?"

शर्ट आणखी घट्ट झाला. रामकिशन माझ्या तोंडाकडे बघून दोन पावलं मागे सरले आणि पुन्हा कधीतरी येतो म्हणाले.

१०

आता जानेवारी संपत आलाय. नीलम माझ्याशी कामापुरतं बोलते. एका डॉक्टरचं नाव तिने कागदावर लिहून दिलंय आणि मी जाईन असं तिला सांगितलंय. संघप्रिया अजूनही मागच्या दारानेच ये-जा करते. पण परवा ती आईने विणलेला आमूचा जुना स्वेटर घेऊन आली आणि न विचारता गाडीच्या सीटवर घडी करून ठेवून गेली. मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने आली होती.

आतल्या मुलीला मी जेवू घालतो. तिला भूक लागते हे खरं आहे. ती कुणाचं तरी लेकरू असेलच. तिच्या वेण्याही मीच घालतो. मागच्या महिन्यात तिचं वजन वाढलं म्हणून नीलम खूश आहे.

पोर्चमध्ये मी रोज वाटीत वरणभात कालवून नेतो आणि सीटवर ठेवतो. तो कुणी खात नाही. मी तिला सांगतो की माझं चुकलं. दहा वेळा उतर म्हणतो, मग रागावून म्हणतो, मग पाया पडल्यासारखा म्हणतो. मी फक्त बसवायला शिकलो होतो, उतरवायचं कसं ते मला येत नाही.

पट्टी मी लावायची नाही असं ठरवलं होतं, तरी लावली. डिसेंबरात साडेसात होतं. संक्रांतीला सात पॉइंट नऊ. काल आठ पॉइंट तीन.

म्हणून संक्रांतीपासून आयटीआयला रजा टाकली आहे. सकाळी मुली शाळेला गेल्या की मी गाडीवर पुढे जाऊन बसतो, इंजिन बंद ठेवून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, आणि पाठ ताठ ठेवतो. थोड्या वेळाने मागून शर्ट धरला जातो. पहिले काही दिवस दोन्ही मुठींनी धरायची. सोमवारपासून एकाच मुठीने धरते.